तिच्या बाजूची काच

पक्षी माणसाला घाबरतो, गाडीला नाही. विजेच्या खांबावर गरुड बसलेला असतो, खालून मोटारी जातात, ट्रक जातात, पाण्याचा टँकर खडखडत जातो, तो ढिम्म हलत नाही. पण त्याच गाडीचं दार उघडून तुम्ही एक पाय खाली टेकवा, की झालं, निघाले साहेब. दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याबद्दल त्याचं मत फारसं बरं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचं फार चुकतं असंही नाही.

म्हणून घारी, ससाणे, गरुड यांचे उडतानाचे फोटो काढायचे तर गाडीत बसूनच काढावे लागतात. आणि त्याला दोन माणसं लागतात, एक कॅमेरा धरणारं आणि एक गाडी धरणारं. कॅमेरा धरणाऱ्याचं नाव फोटोखाली छापून येतं, लोक वा वा म्हणतात. गाडी धरणाऱ्याला कोण विचारतं?

या गोष्टीतल्या बाईला सगळी गल्ली फोटोवाली म्हणायची. तिच्या वडिलांचा बाजारपेठेत एक चिंचोळा स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे पांढरा पडदा, एक काळा पडदा, दोन दिवे आणि मधोमध एक फिरतं स्टूल. वडिलांचे हात थरथरायला लागले तशी ती कॅमेऱ्यामागे उभी राहिली आणि राहिलीच. पासपोर्टचे, परवान्याचे, ओळखपत्राचे फोटो. दिवसभर तोंडात एकच वाक्य: हलू नका, हनुवटी जरा वर, हलू नका. लोक हलायचेच. कुणाला खोकला यायचा, कुणाला हसू फुटायचं, कुणाला ऐन वेळी कान खाजवायचा असायचा.

एकदा एक तरुण वाहन परवान्यासाठी फोटो काढायला आला. स्टुलावर बसला, समोर बघितलं आणि असा स्थिर झाला की तिनं कॅमेऱ्यातून डोळा बाजूला काढून हा श्वास तरी घेतोय ना ते पाहिलं. घेत होता, पण बेताबेतानं. फोटो पहिल्याच फटक्यात आला. पुढे त्याला काय काय निमित्तानं फोटो हवे होते ते विचारू नका. एका माणसाला पासपोर्ट साइजच्या इतक्या प्रती लागत नाहीत, हे तिच्या वडिलांच्याही लक्षात आलं. लग्न झालं.

तो रुग्णालयाची ॲम्ब्युलन्स चालवायचा. त्या कामाची एक शिस्त असते. मागे कोण कण्हतंय, कोण रडतंय, कुणाचा आवाज एकाएकी थांबला, हे ऐकायचं नाही आणि वळून तर अजिबात बघायचं नाही. नजर समोर, पाय अलगद. मागच्या माणसाला धक्का लागता कामा नये. तो म्हणायचा, की मी मागे बघितलं तर मागचा वाचणार नाही आणि पुढचाही. एवढं एकदा म्हणून झालं की कामाबद्दल तो घरी चकार शब्द काढायचा नाही.

पक्ष्यांचं वेड तिचं. आठवडाभर माणसांना हलू नका सांगून ती इतकी विटायची, की सुट्टीच्या दिवशी तिला आपलं कधीच न ऐकणारं काहीतरी हवं असायचं. त्यांनी एक जुनी चौकोनी गाडी घेतली होती, घरात तिला डबा म्हणायचे. शहराबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती. विमानं केव्हाच बंद झाली होती, सिमेंटच्या भेगांतून गवत वर आलं होतं आणि कडेनं विजेचे खांब तेवढे उरले होते. उंदीर, सरडे, ससे यांचं तिथे राज्य, आणि राज्य आलं की त्यावर चाल करून येणारे आलेच. घारी बारा महिने, ससाणे अधूनमधून, आणि थंडीत कुठून कुठून लांबून येणारा एक मोठा तपकिरी गरुड.

दोघांची पद्धत ठरून गेली होती. खांबावर पक्षी दिसला की तो गाडी थांबवायचा नाही. तसाच पुढे जायचा, आपलं काही देणंघेणं नसल्यासारखा. लांबवर जाऊन वळायचा आणि परत येताना इंजिन बंद करून गाडी नुसती घरंगळत आणायची, कारण इंजिन चालू असेल तर त्याची थरथर कॅमेऱ्यात उतरते. पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उडतो, म्हणून वारा आपल्या पाठीकडून यायला हवा, म्हणजे तो आपल्या दिशेनं येईल. ऊनही पाठीशी हवं. आणि पक्षी तिच्या बाजूच्या काचेत यायला हवा. हे सगळं एका घरंगळण्यात जमवायचं. तो जमवायचा. तिनं काच खाली करून दारावर वाटाण्यांची पिशवी ठेवलेली असायची. त्याच्याच जुन्या पँटचा पाय कापून शिवलेली, आत सुके वाटाणे, वर भलंमोठं लेन्स. मग ती म्हणायची, हलू नका.

गाडीत कुणी कूस बदलली तरी लांबच्या लेन्समध्ये भूकंप होतो. म्हणून तो हात मांडीवर ठेवून समोर बघत बसायचा. पक्षी अंग झटकायचा, मागे पांढरी पिचकारी सोडून हलका व्हायचा, पुढे वाकायचा. हे झालं की ती कुजबुजायची, आता. आणि तो श्वास धरायचा. कॅमेरा कडकडायचा, पंखांचा एक आवाज यायचा आणि सगळं शांत व्हायचं. मग तो श्वास सोडून दर वेळी एकच शब्द विचारायचा, "मिळाला?"

कधी मिळायचा. बऱ्याचदा नाही मिळायचा. पाठ करून गेलेल्या पक्ष्यांचे, नुसत्या शेपट्यांचे फोटो तिनं वेगळे ठेवले होते, त्यांना घरात 'पाहुणे निघाले' म्हणायचे. एकदा ऐन मोक्याला तो शिंकला. ससाणा गेला तो गेलाच. परतीच्या सबंध वाटेत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. घरी लेकीनं विचारलं काय झालं, तर म्हणाली, तुझ्या बाबांना विचार, त्यांना आजच सर्दी व्हायची होती. ती शिंक पुढे घरात चेष्टेचा विषय झाली. पाहुण्यांना सांगून सांगून तिची पार गोष्ट झाली, आणि तोही हसायचा. त्यानंतर मात्र तो गाडीत कधी शिंकला नाही. कशी दाबत असेल कोण जाणे. तिनं कधी विचारलं नाही.

अशी वर्षं गेली. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. तो निवृत्त झाला. स्टुडिओत आता मोबाइलवर काढून आणलेले फोटो छापून द्यायचं काम जास्त. घराच्या भिंती मात्र भरल्या होत्या. बैठकीत गरुड, जिन्यात घारी, स्वयंपाकघराच्या दारावर पांढरी कापशी घार, लाल डोळ्यांची, हवेत एकाच जागी पंख मारत उभी. तिच्या फोटोंची दोनदा प्रदर्शनं झाली. तो दोन्ही वेळा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा होता, लोकांना पाणी देत.

मग डब्याला ओरखडे पडायला लागले. आधी फाटकाच्या खांबाला, मग शेजाऱ्याच्या भिंतीला. ज्यानं आयुष्यभर गाडीला केसाएवढा धक्का लागू दिला नाही, तो म्हणायला लागला, की खांब पुढे सरकलाय. तिला आधी हसू आलं. मग एक दिवस त्याच्या कोपराशी ठेवलेला चहाचा कप त्याला दिसला नाही आणि सगळा चहा टेबलावर गेला, तेव्हा तिचं हसू मावळलं. ती त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथे एक यंत्र होतं, मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. त्यात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे टक लावून बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठे उजेडाचा टिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. खोलीत अंधार. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिथून वाडग्याची एक कड तिला दिसत होती. त्या कडेला टिपके चमकत होते आणि विझत होते. त्याचा अंगठा हलत नव्हता. पुन्हा चमकला, पुन्हा विझला. तिला वाटलं, हात पुढे करून आपणच ते बटण दाबावं.

तपासणी संपली तशी यंत्रावरची मुलगी कौतुकानं म्हणाली, की आजोबा, तुमचा डोळा जागचा हलला नाही, लोकांना सांगून सांगून आमचा घसा बसतो.

"सवय आहे," तो म्हणाला. "आमची ही उडणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढते, गाडीतून. तीसेक वर्षं मी शेजारी बसून समोर बघतोय."

मुलगी हरखली. म्हणाली, मग तुम्ही तर कितीतरी गरुड उडताना बघितले असतील.

"मी? छे. पक्षी तिच्या बाजूला असतो ना. मधे ती, तिचा कॅमेरा. आणि मी वळलो तर गाडी हलते. मी एकही नाही बघितला." हे तो अगदी सहज, हसत म्हणाला, आणि वर गंमत म्हणून पुढे जोडलं, "बाजूचं बघायची सवयच नव्हती, म्हणून तर ते गेलं तरी मला पत्ता लागला नाही."

मुलगी हसली. फोटोवाली कोपऱ्यातल्या खुर्चीतून त्याच्याकडे बघत राहिली.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. बाजूची नजर गेली ती गेली, ती परत येत नाही. मधली थोडी आहे, नळीतून बघितल्यासारखी. ती औषधांनी धरून ठेवायचा प्रयत्न करू, पण किती टिकेल याची खात्री देता येत नाही. गाडी आजपासून बंद. तो मान डोलवत राहिला. गाडी बंद म्हणताना तेवढा त्याचा चेहरा एकदम लहान झाला.

घरी आल्यावर ती जिन्यात थांबली. भिंतीवर घारी होत्या. तिनं त्याला विचारलं, की दवाखान्यात म्हणालात ते खरं का. तो म्हणाला, कुठलं? ती म्हणाली, एकही नाही बघितला ते.

"बसलेले बघितलेत की. आपण शेजारून जायचो तेव्हा. उडालेले तू दाखवायचीस ना फोटोत."

"मग इतकी वर्षं तुम्ही बघत काय होतात?"

"रस्ता," तो म्हणाला, आणि चप्पल काढून आत गेला. त्याला त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं, हेच तिला सहन झालं नाही. तिला स्वतःचा राग आला. त्याचा त्याहून जास्त आला. माणसानं एकदा तरी म्हणावं ना, की अगं सरक जरा, मला बघू दे! ती जिन्यातच बसली आणि रडली, आणि मग नाक पुसून उठली, कारण थंडी सुरू झालेली होती. धावपट्टीवर गरुड आलेला असणार होता. थंडी सरली की तो जाणार होता, आणि पुढच्या थंडीत गरुड येईल, पण याची नजर असेलच असं कुणी सांगावं? जे काय बघायचं ते याच थंडीत.

तिनं गाडी शिकायचं ठरवलं. लेकीनं फोनवर डोक्याला हात लावला. आई, या वयात? भाड्यानं ड्रायव्हर घ्या ना. तोही प्रयोग झाला. ड्रायव्हर आला, फोनवर बोलत आला, इंजिन चालू ठेवून बोलत राहिला आणि घार उडाली तेव्हा खिडकीतून तोंड काढून घारीलाच हाक मारायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याला नमस्कार केला. यासाठी माणूस घरचाच पाहिजे, हे तिला पटलं.

तिला शिकवलं नवऱ्यानंच, धावपट्टीवर, शेजारच्या सीटवर बसून. त्याला कमी दिसत होतं, पण गाडीचं दुखणं तो कानानं ओळखायचा. क्लच करकरला की त्याच्या चेहऱ्यावर कळ उमटायची.

"हळू. आत पेशंट आहे असं समज."

"आहेच की," ती म्हणायची, आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची. परवान्याच्या परीक्षेत ती एकदा सपशेल नापास झाली. दुसऱ्यांदा पास झाली तेव्हा त्यानं तिच्याच स्टुडिओत तिला स्टुलावर बसवून तिचा परवान्याचा फोटो काढला. तो जरा तिरका आला. ती हलली होती.

गाडीचं जमलं, पण त्याच्या नजरेचं काय? नळीतून बघणाऱ्याला उडता पक्षी सापडणार कसा? तो आकाशात बघायचा, तोवर पक्षी नळीच्या बाहेर. यावर मात्र तिला काही शोधावं लागलं नाही. लांब पल्ल्याचं लेन्स म्हणजे तरी दुसरं काय, नळीच की. त्या नळीत पक्षी धरून ठेवण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. तिनं स्टुडिओतलं फिरतं स्टूल उचलून घराच्या गच्चीवर नेलं, नवऱ्याला त्यावर बसवलं आणि समोरच्या कठड्यावरची कबुतरं दाखवली.

ती त्याला सांगायची, की डोळे फिरवू नका, फिरवले की हरवतो. तो बसलेला असतानाच त्याच्या तोंडावर नजर बसवा, मग तो हलला की तुम्ही कंबरेतून वळा, सगळेच्या सगळे. तो प्रामाणिकपणे वळायचा, आणि म्हणायचा, गेला. शेपटी दिसली. ती म्हणायची, सगळ्यांना आधी शेपट्याच मिळतात. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका हे बघून तोंडाला पदर लावायच्या. म्हातारा स्टुलावर गरागरा फिरतोय आणि म्हातारी त्याला कबुतरं धरायला शिकवतेय, हसू येणारच. पण हळूहळू तो कबुतराला पाण्याच्या टाकीपर्यंत पोचवायला लागला. एकदा टाकीच्याही पलीकडे. त्या दिवशी त्यानं दोनदा चहा मागितला.

मग एका स्वच्छ सकाळी ते निघाले. कॅमेरा तिनं मुद्दाम घरी ठेवला. गरुड शेवटच्या खांबावर होता, पिसं फुगवून, उन्हाकडे तोंड करून. ती त्याच्या शेजारून सरळ पुढे गेली, लांबवर जाऊन वळली, इंजिन बंद केलं आणि डबा घरंगळत आणला. वारा पाठीशी, ऊन पाठीशी. ब्रेकवर पाय असा टेकवला की वाटाणासुद्धा हलू नये. गाडी थांबली, आणि गरुड अगदी समोर होता, काचेच्या बरोबर मध्ये. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

गरुडानं अंग झटकलं. पिचकारी सोडली. वाकला. तिचे हात आपोआप वर आले, कॅमेरा नव्हता तरी. आणि तो सुटला, तिच्याच रोखानं, आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा मध्ये काही न धरता गरुड उडताना पाहिला. आजवर तो तिला तुकड्यातुकड्यानं दिसायचा, कॅमेऱ्याच्या उघडझापीत. आता सबंध दिसला, पंखांच्या टोकांची पिसं बोटांसारखी फाकलेली. तो डब्यावरून गेला. तिच्या अंगावर काटा आला.

"मिळाला?" शेजारून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. तो हात मांडीवर ठेवून बसला होता. नजर समोर. धरलेला श्वास नुकताच सोडलेला.

पक्षी तिनं स्वतःच्या बाजूच्या काचेत घेतला होता. इतक्या वर्षांची खोड, दुसरीकडे पक्षी घ्यायचा असतो हे तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. तिनं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं, तर हॉर्न वाजला, लांबलचक, आणि धावपट्टीवरच्या होत्या नव्हत्या तेवढ्या चिमण्या उडाल्या. त्याला आधी काही कळेना. तू गाडी थांबवलीस, म्हटलं आता हलायचं नाही, असं तो म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. ती हसली नाही. घरी येऊन तिनं जेवणही धड केलं नाही. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला त्याच्या वाट्याचंही आपणच बघून बसलो, हे तिच्या मनातून जाईना.

त्यानंतर ते जात राहिले. कधी गरुड नसायचा. कधी असायचा तर पाठ करून. एकदा तिनं ब्रेक जोरात दाबला आणि पाहुणे निघाले. एकदा सगळं जुळलं होतं आणि मागून एक मोटारसायकल फटफटत आली. दिवस उबदार होऊ लागले. डोळ्यांत घालायच्या थेंबांची दुसरी बाटली सुरू झाली. तो आता पेल्यात पाणी ओतताना पेल्याच्या काठावर बोट ठेवायचा. तिनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं. त्यानंही दाखवलं नाही की तिनं पाहिलेलं त्याला समजलं. एकदा गच्चीवर कबुतर त्याला टाकीपर्यंतही नेता आलं नाही. तो स्टुलावरून उतरला आणि म्हणाला, की राहू दे आता, तू दाखवलेस ना एवढे. ती त्याच्यावर ओरडली. लग्न झाल्यापासून इतकी ओरडली नव्हती.

स्वतःच्या हातांवर तिचा भरवसा उरला नव्हता. म्हणून धावपट्टीवर पोचलं की ती आपल्या बाजूच्या काचेवर स्टुडिओतला काळा पडदा टाचायची. त्या बाजूला आता काही नाहीच, असं हातांना समजावं म्हणून.

त्या सकाळी हवेत गारवा होता, बहुतेक त्या वर्षातला शेवटचा. गरुड खांबावर होता. ती शेजारून गेली, वळली, इंजिन बंद केलं. डबा घरंगळला. भेगांवरून चाकं गेली ती तिला एकेक कळली. गाडी थांबली, तेव्हा नवऱ्याच्या बाजूची काच उघडी होती, दारावर वाटाण्यांची पिशवी होती आणि पिशवीवर त्याची कोपरं.

"दिसतोय?" तिनं हळूच विचारलं.

"तोंड दिसतंय. चोच. बस, तेवढंच."

"तेवढंच पुरे. तिथून नजर काढू नका."

मग वाट बघणं. गरुडाला घाई नव्हती, त्याला कधीच नसते. तिच्या बाजूला काळा पडदा, आणि त्याच्या बाजूला तो, खांदा आणि मान आणि उलटी वळलेली कॉलर, सबंध काच भरून. त्याच्या पलीकडचं तिला काही दिसत नव्हतं. तिनं समोर बघितलं. सिमेंटची पट्टी, भेगांतलं वाळलेलं गवत, कुठूनशी उडत येऊन त्यात अडकलेली एक पिशवी. तिला खोकला येईल असं वाटलं. तिनं तो गिळला. पाठीत कळ आली, ती तशीच राहू दिली. वाकून त्याच्या खांद्यावरून एकदा बघावं असं फार वाटलं. वाकलं असतं तर गाडी हलली असती.

"अंग झटकलं," तो कुजबुजला. थोड्या वेळानं म्हणाला, "पिचकारी." आणि मग, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, तो तिला म्हणाला, "हलू नकोस."

तिनं श्वास धरला. हात मांडीवर. नजर समोर.

पंखांचा एक आवाज आला. डबा डुलला, स्प्रिंगा करकरल्या. तो वळत होता, कंबरेतून, सगळाच्या सगळा. पुढून बाजूला, बाजूनं मागे, खांदा काचेबाहेर, डोकं काचेबाहेर. गाडी हलत राहिली आणि मग हळूहळू थांबली. तो तसाच राहिला, अर्धा बाहेर, मागे आकाशाकडे तोंड करून. किती वेळ कोण जाणे. तिनं वळून पाहिलं नाही. समोर पिशवी वाऱ्यानं फुगत होती आणि पडत होती.

तो आत आला तेव्हा तिनं श्वास सोडला.

"मिळाला?"

त्यानं मान डोलवली. त्याचा चेहरा ओला होता आणि त्यानं तो पुसला नाही.

"आधी तो खाली पडतो गं," तो म्हणाला. "सुटला की आधी धाडकन खाली येतो. मला वाटलं, गेला, आपटतोच आता. आणि मग पंख उघडतो. तुझ्या फोटोत हे नाहीये."

नव्हतंच. तिच्या एकाही फोटोत ते पडणं नव्हतं. ती नेहमी पंख उघडायची वाट बघायची, आणि आधीचं सगळं टाकून द्यायची. तो आणखी सांगत राहिला, की तो किती सावकाश वर चढतो, वळताना एक पंख कसा जमिनीकडे झुकवतो, शेवटी ठिपका झाला तरी आपण सोडला नाही, कंबर मोडायची वेळ आली पण सोडला नाही. ती ऐकत होती. एवढं सलग तो तिच्याशी क्वचितच कधी बोलला असेल.

मग तो थांबला. बहुधा तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं, की ती कुठे बसलीय आणि तिच्या बाजूच्या काचेवर काय आहे.

"आणि तू काय बघितलंस?" त्यानं विचारलं.

"रस्ता," ती म्हणाली.

त्यानं चाचपून तिच्या मांडीवरचा हात आपल्या हातात घेतला. तिनं गाडी सुरू करायची म्हणून किल्लीकडे नेलेला दुसरा हात परत आणला, आणि दोघंही बराच वेळ समोर बघत बसून राहिले.